आईला अंथरूण धरू दिलं नाही

रात्री साडेबाराला फोन वाजला आणि त्यावर ‘दादा’ असं नाव दिसलं, की परदेशात राहणाऱ्या माणसाच्या पोटात कसा गोळा येतो हे या सदराच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. भारतात तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असतात, आणि सकाळी सहाला कुणी सहज म्हणून फोन करत नाही. डिसेंबर २०२३ मधली ती रात्र. मी वायव्य इंग्लंडमध्ये, विगन गावाजवळ राहते. आई, दादा आणि वहिनी सांगली जिल्ह्यात, आमच्या गावी.

“आई पडली,” दादा म्हणाला. “बंब पेटवायला गेली होती, न्हाणीपाशी पाय घसरला. फार लागलेलं दिसत नाही, पण उठता येईना तिला. कमरेत चमक भरली असणार. हाडवैद्याला निरोप धाडलाय, तेल लावून चोळून देईल.”

“दादा, व्हिडिओ लाव. मला फक्त तिचे दोन्ही पाय दाखव.”

त्यानं दाखवले. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलं होतं. मी डॉक्टर नाही, इथल्या एका शाळेच्या ऑफिसात कारकुनी करते. पण असाच पाय मी दहा महिन्यांपूर्वी आमच्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात पाहिला होता. मी म्हटलं, “चोळू नका. पाय अजिबात हलवू नका. ही चमक नाही, खुबा मोडलाय. ॲम्ब्युलन्स बोलवा आणि मिरजेला न्या.”

पलीकडे दादा गप्प झाला. तो का गप्प झाला, ते मला कळलं. आमच्या घरात ‘खुबा मोडला’ हे शब्द नवे नव्हते.

१९८६ साली आमची आजी, म्हणजे वडिलांची आई, अशीच पडली होती. मी तेव्हा शाळेत होते. तिला तालुक्याच्या गावी नेलं, फोटो काढला आणि ‘या वयात ऑपरेशन झेपायचं नाही’ असं ठरवून परत आणलं. पायाला पट्टी बांधून, खाटेच्या टोकाला कप्पी लावून वजन टांगलं. सहा आठवडे हलायचं नाही. घरात तिची सेवा कमी झाली असं कुणी म्हणणार नाही. आईनं आणि आत्यानं तिला चमच्यानं भरवलं, अंग पुसलं, रात्री जागून काढल्या. पण पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ भरला, मग ती माणसं ओळखेनाशी झाली. चौथ्या महिन्यात गेली. सगळे म्हणाले, “म्हातारपण, दुसरं काय! अंथरूण धरलं की माणूस उठत नाही.”

मीही इतकी वर्षं तेच मानत होते. ते खोटं नव्हतं, पण उलटं होतं, हे मला इथं शेजारणीमुळे समजलं.

आमच्या शेजारच्या बाई तेव्हा ८४ वर्षांच्या. एकट्या राहतात, रोज दोनदा कुत्रा फिरवतात. २०२३ च्या फेब्रुवारीत त्या स्वयंपाकघरातल्या पायपुसण्याला अडखळून पडल्या. कुत्रा सारखा भुंकतोय म्हणून मी माझ्याकडची किल्ली लावून आत गेले. बाई फरशीवर. ९९९ ला फोन केला, पण ॲम्ब्युलन्स यायला साडेतीन तास लागले. त्या गार फरशीवर मी त्यांच्या अंगावर दोन रजया घालून, हात धरून बसले होते. परदेशात सगळं आलबेल असतं असं आपल्या गावाकडं वाटतं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

रुग्णालयात पोचल्यावर मात्र चक्रं भराभर फिरली. आधी जांघेत एक इंजेक्शन देऊन त्या भागातली नस बधिर केली, त्यामुळे एक्स-रेसाठी हलवताना त्या ओरडल्या नाहीत. मग एका नर्सनं प्रश्न विचारले. साल कुठलं? जन्मतारीख काय? वीसपासून उलटे आकडे म्हणा. सध्या गादीवर कोण आहे? बाई म्हणाल्या, “राणी... नाही, नाही, चार्ल्स! बिचारी गेली ना.” मला हसू आलं, पण प्रश्न गमतीचे नव्हते. हाड मोडल्यावर म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, तो पुढं ओळखता यावा म्हणून डोकं आत्ता कसं चाललंय याची नोंद ठेवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दोन डॉक्टर भेटले. एक हाडांचे सर्जन, दुसरे वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ. सर्जन हाडाचं बघणार. रक्तदाब, हृदय, औषधं, खाणं-पिणं, भ्रम हे सगळं दुसरे बघणार. मी विचारलं, “इतकं वय आहे, ऑपरेशन केलंच पाहिजे का? थोडं थांबून बघितलं तर?” वृद्धांच्या डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, “वय आहे म्हणूनच थांबायचं नाही. तरुण माणूस अंथरुणात पडून राहिला तर कंटाळतो. या वयात पडून राहिलं तर छाती भरते, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठ सोलते, स्नायू दिवसागणिक गळतात. आम्ही हाड जोडायला ऑपरेशन करत नाही, त्यांना उद्या उभं करता यावं म्हणून करतो.”

त्या वाक्यासरशी मला आजीची खाट, ती कप्पी आणि ते वजन आठवलं. आजी हाड मोडल्यानं गेली नव्हती, अंथरुणानं गेली होती. आणि ते अंथरूण आम्हीच तिला मायेनं घालून दिलं होतं.

पुढं मी याबद्दल बरंच वाचलं. या देशात खुबा मोडलेल्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून आहे. दरवर्षी ७० हजारांच्या आसपास माणसं तिच्यात जमा होतात. इंग्लंडमध्ये ३६ तासांच्या आत ऑपरेशन झालं, वृद्धांच्या डॉक्टरांनी तपासलं अशा ठरलेल्या गोष्टी पाळल्या, तर रुग्णालयाला जादा पैसे मिळतात. ही पद्धत २०१० पासूनची. दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभं करायचं, हा तर नियमच. एवढं करूनही या दुखण्यानंतर वर्षभरात साधारण चारातला एक माणूस जातो. म्हणजे हे ‘पाय मोडला’ इतकं साधं दुखणं नाही. आणि यात दिरंगाई परवडत नाही.

बाई हिंडत्याफिरत्या होत्या, म्हणून त्यांना पूर्ण सांधा बसवला. वॉर्डात पडल्या पडल्या त्या मला अभिमानानं म्हणाल्या, “हे ऑपरेशन आमच्याच गावाकडचं आहे, माहीत आहे का तुला?” मला माहीत नव्हतं. विगनपासून थोड्या मैलांवर रायटिंग्टन रुग्णालय आहे, पूर्वी ते क्षयरोग्यांचं होतं. तिथं जॉन चार्नली या सर्जननं खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वी केला. त्यांनी आधी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं होतं. रुग्ण आनंदानं चालत घरी गेले, पण काही वर्षांतच वाट्या झिजल्या आणि शेकडो माणसांची ऑपरेशनं पुन्हा करावी लागली. टेफ्लॉनचा शरीरावर काय परिणाम होतो हे बघायला चार्नलींनी त्याचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून घेतले होते.

मग १९६२ मध्ये एक विक्रेता त्यांच्या प्रयोगशाळेत नवं प्लास्टिक घेऊन आला. लँकशायरच्या यंत्रमागांची दातेरी चाकं त्याची करत. चार्नलींनी त्याला नखानं ओरखडा काढून बघितलं आणि नापास केलं. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी साहेब परगावी असताना तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे घासूनही तो जेमतेम झिजला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या प्लास्टिकची वाटी पहिल्या रुग्णाला बसवली गेली. सांधा हाडात पक्का बसवण्यासाठी चार्नली वापरत ते सिमेंट म्हणजे दातांची कवळी करतात त्या जातीचं ॲक्रिलिक. मी इचलकरंजीच्या मागांची खटखट ऐकत मोठी झालेली. मागाच्या चाकाचं प्लास्टिक माणसाच्या खुब्यात जाऊन बसलं, हे ऐकून मला फार जवळचं काही ऐकल्यासारखं वाटलं.

बाई ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या. रडल्या, शिव्याही दिल्या. फिजिओथेरपिस्ट मुलगी हसून म्हणाली, “द्या शिव्या, पण एक पाऊल टाकून द्या.” तिसऱ्या दिवशी गाऊन काढून त्यांना त्यांचे रोजचे कपडे घालायला लावले, कारण रात्रीच्या कपड्यांत माणूस स्वतःला आजारी समजतो. घरी सोडायच्या आधी त्यांच्या खुर्चीची, पलंगाची, कमोडची उंची मोजली गेली आणि सगळं चार-पाच इंचांनी वर उचललं. पायपुसणी गेली. शेवटी त्यांच्या काठीच्या टोकाचं रबर उलटं करून बघितलं. ते गुळगुळीत झालेलं होतं. “टायर गुळगुळीत झालेली गाडी चालवता का तुम्ही?” असं म्हणून त्या मुलीनं नवं रबर घातलं.

एवढं सगळं डोळ्यांनी बघितलेलं होतं, म्हणून त्या रात्री मी दादाला ठामपणे सांगू शकले. पण खरी परीक्षा पुढंच होती.

मिरजेत दहा वाजेपर्यंत एक्स-रे झाला. मांडीच्या हाडाचा गळा मोडून सरकला होता. डॉक्टर म्हणाले, उद्या ऑपरेशन करू, अर्धा सांधा बसवू. आणि मग आमची माणसं जमली. मामा म्हणाले, “एक्याऐंशीची बाई, ब्लडप्रेशर आहे, टेबलावरच गेली म्हणजे?” कुणी म्हणालं, वजन लावून बघू आधी. कुणी म्हणालं, अमावास्या होऊन जाऊ दे. आत्या फोनवर आली आणि म्हणाली, “बाई, तुझं चुकतंय असं नाही म्हणत मी. पण तिथं बसून सांगायला काय जातंय तुझं? काही झालं तर दारात दादा उभा राहणारे.”

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. आम्ही परदेशातली माणसं सल्ले देतो, पैसे पाठवतो आणि वाईट झालं तर दोन दिवसांनी पोचतो. भार दादा-वहिनींवरच असतो. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात बसून रडले. जर आई खरंच टेबलावर गेली, तर मी या घराला कधी तोंड दाखवू शकेन का?

अर्ध्या तासानं पुन्हा फोन केला. आत्याला म्हटलं, “आत्या, तू आजीची सेवा केलीस. चार महिने. तिच्या पाठीच्या जखमा तू धुतल्यास. मला एवढंच सांग, आईला तसं बघायचंय का तुला?” ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “नाही गं बाई. ते नको.” मग मी दादाला म्हटलं, “माझं ऐकू नकोस. डॉक्टरांना विचार, ऑपरेशन केलं तर काय धोका, आणि नाही केलं तर काय धोका. दोन्ही विचार. आणि आईला विचार.”

आईला विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आई म्हणाली, “मला संडासला माझं मला जाता आलं पाहिजे. त्यासाठी जे करायचं ते करा.”

डॉक्टरांनी दादाला जे सांगितलं ते इथल्या डॉक्टरांच्या बोलण्यासारखंच होतं: धोका दोन्हीकडं आहे, पण पडून राहण्यातला मोठा आहे. फिजिशियननं हृदयाची तपासणी केली आणि पडल्यापासून साधारण बत्तीस तासांनी, कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालं. अर्धा सांधा, म्हणजे प्लास्टिकची वाटी नाही, पण तो हाडात बसवणारं सिमेंट मात्र तेच. विगनजवळच्या माणसांनी रुजवलेलं तंत्र मिरजेत माझ्या आईच्या कामी येत होतं आणि मी विगनमध्ये बसून घड्याळाकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आला तेव्हा वॉर्डात पुन्हा गोंधळ. “काल कापलंय आणि आज उभं करता?” असं म्हणून मामी त्याच्या आडव्या आल्या. वहिनीनं फोन आईच्या समोर धरला होता. आई कण्हत उभी राहिली, वॉकर धरून दोन पावलं टाकली आणि मटकन बसली. “झालं का समाधान तुझं?” असं मला म्हणाली. मला इकडं बोलवेना.

चौथ्या दिवशी मी पोचले, तीन आठवड्यांची रजा काढून. माझ्या बॅगेत काठीच्या टोकाची डझनभर रबरं होती. ती शेजारच्या बाईंनी दिली होती, “तुझ्या आईला सांग, गुळगुळीत झाली की बदल” या निरोपासह.

घरी आणल्यावर कळलं की ऑपरेशन हे निम्मंच काम होतं. आमचं घर आजारी माणसासाठी बांधलेलं नव्हतंच. खाट बुटकी, बसायला पाट, संडास भारतीय पद्धतीचं, न्हाणीची फरशी शेवाळलेली. डॉक्टरांनी पहिले काही आठवडे खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही असं बजावलं होतं. खाटेखाली विटा घातल्या. संडासावर ठेवायची भोक असलेली खुर्ची मिरजेत मिळाली. न्हाणीत खरबरीत फरशी आणि भिंतीला धरायला लोखंडी नळी बसवली. बंब पेटवायचं काम दादाकडं गेलं.

अडलं ते उंबऱ्यापाशी. तीन बोटं उंच, हळदीकुंकवाचा उंबरा. सुतार म्हणाला, “उंबरा मी कापणार नाही वहिनी, दुसरं काही सांगा.” शेवटी दोन्ही बाजूंना लाकडाची उतरती फळी करून घेतली आणि कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला. आई दारात आली, खाली बघून म्हणाली, “चांगला दिसतोय की. दिवाळीला का नाही सुचलं हे?”

त्याहून अवघड होतं ते प्रेम आवरणं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, “पडा हो, उठू नका. पाणी आम्ही देतो.” मी दारावर कागद लावायचा बाकी ठेवला होता. पाणी देऊ नका, तिला उठून घेऊ द्या. वहिनीनं नियमच केला: जो भेटायला येईल त्यानं आईबरोबर अंगणात एक फेरी मारायची, मग चहा. महिनाभरात गावात त्या फेऱ्यांची चेष्टा झाली आणि आईची पावलं वाढली.

आणखी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडतं याचा अर्थ हाडं ठिसूळ झालीत, आणि एकदा मोडलं की पुन्हा मोडायची शक्यता वाढते. आईची हाडांची घनता मोजली नव्हती, औषध लिहिलं नव्हतं. मी विचारल्यावर डॉक्टरांनी तपासण्या करून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली. ती उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ड जीवनसत्त्वही कमी निघालं. एवढं ऊन असलेल्या गावात! पण आई उन्हात जातच नव्हती. आम्ही तर इथं ढगाखालीच राहतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात सगळ्यांनी आणि सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायचा विचार करावा, असा सरकारी सल्लाच आहे. तो मी आता पाळते.

आई आज काठी घेऊन गणपतीच्या देवळापर्यंत जाते. रानात जात नाही. पंगतीला तिची खुर्ची वेगळी असते आणि तिला ते आवडत नाही. पाय थंडीत दुखतो. पूर्वीसारखं झालं, असं मी म्हणणार नाही. पण संडासला तिचं ती जाते.

आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील तिकडं आहेत आणि असा फोन कधीतरी येणार आहे. तेव्हा डॉक्टरांना विचारायला चार प्रश्न लिहून ठेवा. ऑपरेशन आज-उद्या होईल का, आणि उशीर होणार असेल तर नेमका कशासाठी? हृदय, साखर, भ्रम हे कोण बघणार? दुसऱ्या दिवशी उभं करणार का? हाडांच्या ठिसूळपणाचं औषध कधी सुरू होणार? पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्ण बसतो का, हेही भरती होतानाच विचारा. आणि एक प्रश्न ज्यांचा पाय मोडलाय त्यांनाच विचारा: तुम्हाला काय हवंय?

त्याहून चांगलं म्हणजे, पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा चॉकलेटं वाटून झाल्यावर न्हाणीची फरशी, जिन्याचा दिवा आणि काठीचं रबर बघा. आमच्या आईकडं अजून सात रबरं शिल्लक आहेत. गेल्या महिन्यात तिनं त्यातलं एक आत्याला दिलं.